जुईला घेऊन कुठे राहायचं

३ एप्रिल, गुरुवार
पीजीतला तिसरा आठवडा. ऑफिस सुटल्यावर परस्पर दोन फ्लॅट पाहिले. पहिला इथेच खराडीत, ऑफिसपासून चालत दहा मिनिटं. भाडं ऐकून एजंटच्या तोंडाकडे नुसती बघत राहिले. "मॅडम, हा आयटीचा रेट आहे." मी कंपनीत पगारपत्रकं करते, आयटीशी माझा संबंध लॅपटॉपपुरता, हे त्याला सांगून काय उपयोग.

दुसरा वाघोलीच्या पुढे. परवडेल. पाणी टँकरचं. लिफ्टसमोर एक बाई भेटल्या, मुलं किती विचारलं. म्हटलं एक मुलगी, दहा वर्षांची, स्वमग्न आहे. "म्हणजे?" म्हटलं ऑटिझम. "अगं बाई!" तेवढ्यात लिफ्ट आली. मी आत येते का, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

६ एप्रिल, रविवार
मंगेशचा अमरावतीहून फोन. तो दिवसभर मेडिकलच्या दुकानात, सासूबाई जुईजवळ. इकडची बदली माझी, हाल तिघांचे. अमरावतीची शाखा बंद करताना साहेब म्हणाले होते, पुण्यात मस्त सेटल व्हाल.

जुई स्क्रीनवर आली, माझ्याकडे पाहिलं नाही. सात वाजले होते, म्हणजे भिंतीची वेळ. रोज सातला ती तळहाताने भिंत वाजवते, एका लयीत, दहा-पंधरा मिनिटं. मग शांत, मग जेवण. थांबवलं तर अख्खी रात्र जाते. तिथल्या शेजाऱ्यांना सवय झालीय. मागे आम्ही लग्नाला गेलो होतो तर परत आल्यावर म्हणाले, आमचं घड्याळ दोन दिवस बंद होतं.

फोन ठेवल्यावर मी पीजीच्या भिंतीवर हात ठेवून बघितला. पार्टिशनची भिंत आहे, पलीकडची मुलगी लगेच "येस?" म्हणाली.

९ एप्रिल, बुधवार
जुईसाठी इथे बघितलेल्या विशेष शाळेचा फोन. जागा मेअखेरपर्यंत धरून ठेवतील. पण पुण्याचा पत्ता हवा, भाडेकराराची प्रत हवी, आणि घर व्हॅनच्या रस्त्यावर हवं. व्हॅन सिंहगड रस्ता, नऱ्हे आणि धायरी एवढीच फिरते. म्हणजे खराडी, वाघोली सगळं फुकट पाहिलं. मीच मूर्ख. आधी शाळा, मग घर, मग माझं ऑफिस, हा क्रम मला पहिल्या दिवशी कळायला हवा होता.

शाळा हीच हवी. फेब्रुवारीत एक दिवस बसवून बघितलं होतं. जुईने तिथल्या बाईंचं बोट धरलं आणि दोन तास सोडलं नाही. माझं ती दोन मिनिटं धरत नाही. बाई म्हणाल्या, "ही बोलेल हं. वेळ लागेल, पण बोलेल." अमरावतीच्या शाळेने चौथीनंतर ठेवणार नाही असं लेखी दिलंय. तेव्हा दुसरा रस्ता नाही.

१३ एप्रिल, रविवार
धायरी. तीन घरं, तीन नकार. सगळीकडे खरं सांगितलं.

पहिले: "आमचं काही नाही हो, पण सोसायटीचे लोक..." सोसायटीचे लोक म्हणजे तेच, सेक्रेटरीची पाटी त्यांच्याच दारावर.
दुसऱ्या: "मुलं चालतील. मुलांचा आवाज चालणार नाही."
तिसरे सर्वांत गोड. पाणी दिलं, लाडू दिला. "अशा मुलांना मोकळं वातावरण लागतं. तुम्ही बंगला का नाही बघत?"

लाडू खाल्ला मी. भूक लागली होती.

२० एप्रिल, रविवार
नऱ्हे. दोन नकार. एका ठिकाणी फोनवरच, मी रिक्षात असताना.

येताना धायरी ते खराडी वेळ लावून बघितला. दोन बस, एक तास पन्नास मिनिटं, तेही रविवारी. सोमवारी सव्वादोन तास धरू. रोज चार-साडेचार तास. चालेल. माझं काहीही चालेल. बसमध्ये रडू आलं, शेजारच्या आजीबाईंनी खिडकीची जागा दिली. काही विचारलं नाही, बरं केलं.

मं.ला सांगितलं, जमत नाहीये. तो म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, होऊन जाईल." त्याला नाही म्हणणारी तोंडं बघावी लागत नाहीत.

२७ एप्रिल, रविवार
धायरीतला एजंट आज चिडला. "ताई, तुम्ही स्वतःहून कशाला सांगत बसता? एकदा ॲग्रीमेंट झालं की कोण विचारतंय?"

आज सांगितलं नाही.

जुनी चार मजली इमारत, दुसरा मजला, दोन खोल्या. भाडं बसतंय. स्वयंपाकघरातून टेकडी दिसते. व्हॅन कोपऱ्यावर येते. शेजारचा फ्लॅटही मालकांचाच, तिथे ते काका-काकू दोघंच राहतात, निवृत्त. मधली भिंत एकच. मी ती बघत होते तर काकूंना वाटलं ओल शोधतेय. "ओल नाही. आमच्याकडे काहीच गळत नाही."

"मुलगी कितवीत?" "पाचवीत जाईल." खोटं नाही.

"आम्ही माणसं पाहून घर देतो. मिस्टरांना, मुलीला घेऊन या. चहा आमच्याकडेच घ्या. मुलीशी बोलले की मला घर कळतं."

हो म्हणून आले. 

४ मे, रविवार
मं. आणि जुई पुढच्या रविवारी येतील. रोज संध्याकाळी फोनवर सराव. मं. जुईला खुर्चीवर बसवतो. "नमस्कार. माझं नाव जुई." एवढंच. नमस्कार येतं. नाव कधी येतं, कधी नाही. आज सहा वेळा घेतलं. सातव्यांदा तिने कान झाकून घेतले. मी इथून ओरडले, परत घे. मागून सासूबाई: "काहून छळता वो लेकराले?"

तेविसाव्या वर्षी मला पाच घरांनी पाहिलं. पोह्यांचा ट्रे, मान खाली, नाव सांगायचं, शिक्षण सांगायचं. चौथ्या वेळी मुलाच्या मावशीने मला अंगणातून चालून दाखवायला लावलं. ते लोक गेल्यावर मी आईला बजावलं होतं, मला मुलगी झाली तर तिला असं कुणापुढे बसवणार नाही. आई म्हणाली होती, बघू.

या वेळी लग्नाऐवजी घराचं निमित्त आहे, एवढाच फरक. पिवळा फ्रॉक घालायचा हेही मीच ठरवलंय.

११ मे, रविवार
झालं. लिहायलाच हवं, नाहीतर मी हळूहळू वेगळं आठवायला लागेन.

ते दोघं सकाळी बसने पोचले. मं.च्या ओळखीच्यांकडे आंघोळी केल्या. साडेतीनला निघताना जुईचे डोळे मला जड दिसले. विचारलं. मं. म्हणाला, "सर्दीचं औषध दिलंय. थोडंसंच."
"सर्दी झालीय?"
"नाही."

मी काही बोलले नाही. मुद्दा हाच आहे. अजून वेळ होता, आजारी आहे सांगून जाणं रद्द करता आलं असतं. मी तिची वेणी नीट केली.

काकूंनी पोहे केले होते. मला हसू यायचं राहिलं ते बशी हातात होती म्हणून. जुई सोफ्यावर बसली, हलली नाही, हात मांडीवर. काकूंनी नाव विचारलं. "नमस्कार. माझं नाव जुई." एका दमात, स्पष्ट. गेल्या दहा वर्षांत ती अनोळखी माणसापुढे इतकं बोललेली नाही आणि मला कानात बोटं घालावीशी वाटली.

काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. जागी असती तर किंचाळली असती. "किती गुणी आहे हो! हल्लीची पोरं सोफ्यावर नाचतात. अशीच राहा हो बाळ." काका म्हणाले, मग पुढचं बघून घ्या.

खाली येईपर्यंत ती मं.च्या खांद्यावर झोपली होती. मं. म्हणाला, "मिळालं ना घर." खालच्या आवाजात म्हणाला, माझ्याकडे न बघता.

१८ मे, रविवार
करार झाला. अकरा महिने. एक महिन्याची नोटीस देऊन मालक केव्हाही रिकामं करायला सांगू शकतात, हे कलम मी दोनदा वाचलं. 'इतर रहिवाशांस उपद्रव होईल असे वर्तन' हे तीनदा.

शाळेत प्रत दिली. जागा पक्की. बाईंनी विचारलं, "घर मनासारखं मिळालं?" मान डोलावली.

सासूबाईंना मं.ने सगळं सांगितलं असावं. फोनवर मला सरळ म्हणाल्या, "पोरीले गुंगीचं पाजून घर घेतलं काय वो तुम्ही?" मी म्हटलं, आई, दुसरं काय करायचं होतं?  मग, "मी नाही येत तिकडं. मले रोज खोटं बोलनं जमत नाही." त्या नणंदेकडे राहणार आहेत. आमचं अमरावतीचं घर महिनाअखेर सोडायचंय. परतायची जागा नाही राहिली.

३१ मे, शनिवार
टेम्पो आला. सामान चढवलं. जुई दिवसभर खोक्यात बसली होती, खूश. पावणेसातला मं. तिला घेऊन बाहेर पडला, आठला आला. ठरल्याप्रमाणे.

१ जून, रविवार
आजही बाहेर. तिला कळत नाही सातला रस्त्यावर का न्यायचं. मं.चा हात चावला.

३ जून, मंगळवार
मी ऑफिसातून यायला नऊ वाजतात. आले तर मं.च्या शर्टाची बाही फाटलेली. जुई चौकात रस्त्यावर आडवी झाली, उठेना. गाड्या थांबल्या, लोक जमले. कुणीतरी विचारलं, पोरगी तुमचीच आहे ना? मोबाइलवर फोटो काढला त्याचा.

त्याच्या नोकरीचंही बघायचंय. इथल्या दोन मेडिकलवाल्यांनी संध्याकाळी पाच ते दहा यायला सांगितलं. मग सातला हिला कोण बाहेर नेणार? हा हिशोब आम्ही आधी केलाच नव्हता. व्हॅन पाहिली, टेकडी पाहिली, सातला त्याला दुकानात असावं लागेल हे विसरलो.

४ जून, बुधवार
मं.ने आज साडेसहाला औषध दिलं. म्हणाला, एकदाच.

५ जून, गुरुवार
आजही.

७ जून, शनिवार
सुट्टी. आज घरी होते, स्वतः पाहिलं. सातला जुई भिंतीजवळ गेली. हात वर केला. तो अर्ध्यात राहिला, मग खाली आला. ती भिंतीला गाल लावून बसून राहिली. ह्यापेक्षा ओरडली असती तर.

मं.वर भयंकर चिडले. तो म्हणाला, "त्या दिवशी तू तर काही नाही बोलली." खरं आहे. 

८ जून, रविवार
सकाळी काकू आल्या, वाटीत आमरस घेऊन. दारातूनच घरभर नजर. जुई आदल्या संध्याकाळच्या औषधाने अजून झोपलेली होती. म्हणाल्या, "आधीच्या भाडेकरूंची दोन पोरं म्हणजे नुसता उच्छाद होता. तुमची इतकी शांत आहे, घरात मूल आहे असं वाटतच नाही."

आभार मानले मी त्यांचे. तोंडातून आपोआप आलं. दार लावून तिथेच खाली बसले.

उद्या शाळा. बाई तिचं बोट धरतील आणि त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळेल. ज्यासाठी हे घर घेतलं तिथे आम्ही तिला गुंगवून पाठवणार आहोत.

मं. आंघोळीला गेला तेव्हा औषधाची बाटली मोरीत ओतली. मेडिकलवाल्या माणसाला दुसरी बाटली आणायला किती वेळ लागतो, तेही माहीत आहे. तो बाहेर आला, रिकामी बाटली पाहिली. टॉवेल वाळत घालत बराच वेळ उभा राहिला.

म्हटलं, आत्ताच जाऊन काकूंना सगळं सांगूया. तो म्हणाला, "आणि त्यांनी नाही म्हटलं तर? एका महिन्यात कुठं जाशील?"  धायरी झाली, नऱ्हे झालं. काकूंकडे गेलो नाही. पावणेसातला मं. तिला पुन्हा बाहेर घेऊन गेला.

९ जून, सोमवार
अर्धा दिवस रजा टाकली. व्हॅन वेळेवर आली. जुई चढली, मागे पाहिलं नाही. दुपारी बाईंचा निरोप: 'आज खूप रडली, मग ठीक. बोट धरलं.'

पावणेसात. मं. चप्पल घालून तयार होता. म्हटलं, आज नको. तो चप्पल घालूनच खुर्चीवर बसला.

सात. पलीकडे काकूंची मालिका सुरू झाली. जुई उठली, भिंतीपाशी गेली, तळहात टेकवला. मग वाजवायला लागली. तीच लय, जुनी. मला वाटलं होतं मी घाबरेन. घाबरलेच आहे, अक्षर बघूनच कळतंय. पण तिच्या खांद्यांकडे बघतेय, किती दिवसांनी सैल आहेत.

सात वाजून सहा मिनिटं. पलीकडचा टीव्ही बंद झाला. मं. उठून उभा राहिलाय. पॅसेजमध्ये चपलांचा आवाज, आमच्या दारापर्यंत आला आणि थांबला. बेल अजून वाजलेली नाही. जुईचा हात चालू आहे.

घरात मूल आहे, काकू.