डेल्बर्टने अकरा वर्षं न संपवलेलं काम

३ मे
आज सामानसुमान घेऊन लॉरेटाच्या घरी राहायला आलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवरदेव होण्यात एक सुख आहे, सल्ला द्यायला कोणी वडीलधारं उरलेलं नसतं. शेजारणींनी ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलची तीन भांडी आणून दिली. तिन्हींची चव एकच, पण माझं मन प्रसन्न आहे. चहूकडे गव्हाची शेतं, मागे प्रशस्त शेड, आणि शेडमध्ये डेल्बर्टचा कॅम्पर.

डेल्बर्ट म्हणजे लॉरेटाचा पहिला नवरा. दोन वर्षांपूर्वी वारला. पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवायचा, प्रवासात राहायच्या खोलीसारखा हा जुना कॅम्पर त्याने घेतला आणि अकरा वर्षं दुरुस्त केला. छप्पर वर ढकललं की लाकडी भिंतींच्या वरच्या कापडी भिंती ताठ होतात, आणि पुढे ट्रकच्या टपावर झोपायचा फळा येतो. एवढीच वस्तू, त्यात अकरा वर्षं! लॉरेटा साठीला आली तरी एकदाही समुद्राकाठी झोपलेली नाही. डेल्बर्ट दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्याचं वचन द्यायचा. मी तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं आहे. चौदा जूनला तिच्या वाढदिवशी आम्ही समुद्राकाठी झोपणार, असं मी तिला सांगून टाकलं.

७ मे
आज कॅम्पर आतून उघडला. माझ्या वर्गात नववीतल्या पोराने असं काम केलं असतं तर त्याच्या हातातली करवत काढून झाडू दिला असता. एकूण एक फळी तीन-तीनदा कापलेली. कपाटाची दारं दोन्ही बाजूंनी इतकी रंधलेली की मूठ बसवायला जागा उरलेली नाही. आणि पेन्सिलने जिथेतिथे नोंदी. ‘७५. उघडं ठेवलं, थांबलं.’ ‘भिंत बंद केली, ७४.’ आकडे झोपायच्या फळ्याच्या लांबीचे, इंचांत. या गृहस्थाला टेप धरता येत नव्हता, आणि त्याची त्याने रोजनिशी ठेवली होती.

पलीकडच्या शेतातला गस लिंडक्विस्ट बिअर घेऊन बघायला आला. त्याचं म्हणणं, या पंचक्रोशीत डेल्बर्टसारखा सुतार नव्हता, चर्चमधली बाकं त्याचीच. मी म्हटलं, बिचारं चर्च.

११ मे
प्रार्थनेच्या वेळी बाकांचे सांधे चाचपून पाहिले. बरे आहेत. दुसऱ्या कोणीतरी केले असणार.

१६ मे
सडलेलं लाकूड काढलं, नवा सांगाडा उभा केला, कोपरे गुण्या लावून काटकोनात. झोपायच्या जागेची लांबी सहा फूट चार इंच, म्हणजे शहात्तर. डेल्बर्टला जे जमलं नाही ते नऊ दिवसांत झालं. लॉरेटाने रूबार्बची आंबटगोड पाई केली होती, मी तीन फोडी खाल्ल्या.

२० मे
डावी भिंत प्लायवूडने बंद केली. फळा बसवायला गेलो तर अर्धा इंच लांब. लाकूडवाल्याच्या मशीनचा दोष. रंधून बसवला.

२३ मे
फळा पुन्हा अडकला. या वेळी एक इंच. नवा टेप आणला. गस म्हणाला, टेप बदलून काय होणार गड्या, धरणारा हात तोच ना. स्वतःच्या कुंपणाचं दार ज्याला वर्षभर लावता आलेलं नाही, तो मला शिकवतोय.

३१ मे
उजवी भिंतही बंद केली. आत सत्तर इंच. आडवा होऊन पाहिलं तर पाय टेकतात. बाहेरून मोजलं, बाहेरचं माप तसूभरही हललेलं नाही. चारदा मोजलं.

एवढा भुसा कसा निघतो, असं लॉरेटाने विचारलं. डेल्बर्टही असाच भुशाने माखून आत यायचा म्हणे. एकदा काम संपलंच होतं. तिने चादरी अंथरल्या, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी पाहते तर त्याने सगळं फोडून टाकलेलं. का, ते त्याने सांगितलं नाही. ती महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. मग माझा हात धरून म्हणाली, तू तेवढं तसं करू नकोस. मी हसलो. मी काय डेल्बर्ट आहे?

५ जून
परवा सहासष्ट भरलं, तेव्हा एक फळी काढून ठेवली. दोन दिवस माप जागचं हललं नाही. आज सकाळी ती परत ठोकली, दुपारी पासष्ट. म्हणजे नोंदी बरोबर होत्या. सगळं बंद केलं की आतली जागा आखडते, कुठेतरी उघडं ठेवलं की थांबते.

अकरा वर्षं हा माणूस मुद्दाम काम अर्धवट ठेवत होता. प्लायवूडला भ्याला. बायकोला खरं सांगायची हिंमत नाही, आणि पेन्सिलीची मात्र हौस. मीही तिला अजून सांगितलेलं नाही, पण माझी गोष्ट वेगळी आहे. मी कारण शोधून काढणार आहे.

९ जून
सामान ठेवायच्या खणाच्या तळाला शेवटची नोंद सापडली. ‘६१. इथे थांबतं, बंद असूनही. लॉरेटाची उंची. आज सगळं फोडतो. तिला काय सांगू.’

लॉरेटा पाच फूट एक इंच आहे.

१० जून
आत मोजलं. एकसष्ट. सगळं बंद आहे आणि एकसष्टच. नव्या गादीवर अजून कोणी झोपलेलं नाही, तरी मधोमध खळगा पडलाय. खांद्यांपाशी रुंद, खाली निमुळता. तिथे हात ठेवला. उबदार होता.

११ जून
जेवताना सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, कॅम्परमध्ये जरा दोष आहे, या वर्षी मोटेलमध्ये राहू. तिने काटा खाली ठेवला. डेल्बर्टकडे कशी बघत असेल ते मला कळलं. म्हणाली, तुम्ही दोघं एकाच शाळेतले. एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

मला डेल्बर्टच्या शेजारी बसवलं. मला! मी पाठोपाठ जाऊन म्हणालो, थट्टा केली गं, सगळं तयार आहे. तिने ओल्या हातांनीच मला मिठी मारली.

हे मी का बोललो.

१३ जून
लॉरेटा केस नीट करून घ्यायला पार्लरमध्ये गेली आहे. पहार घेतली. आज फोडतोच. मग काय म्हणायचं ते म्हणू दे.

फट सापडत नाही. स्क्रूंची डोकी दिसत नाहीत, सांधेही दिसत नाहीत. पहार कुठे घालू. एवढं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं— हे माझं नव्हेच—

करवतीचे दात गेले.

डेल्बर्ट, चुकलो मी. तुला जमत होतं ते मला—

दुपारी
गसकडे यंत्राची करवत मागायला गेलो. तो घरी नव्हता. परत आलो तर तिची गाडी दारात. घरात नाही. पलंगावर तिची उशी नाही—

शेडमध्ये आहे. कॅम्परचं छप्पर खाली बसलंय, मी वर ठेवलं होतं. दार उघडत नाही. आतून हाक मारते, म्हणते बघ तरी, अगदी माझ्या मापाचं झालंय, डेल्बर्टला हे का जमू नये. हसते आहे. मी बाहेर ये म्हणतो. म्हणते, तूच आत ये, किती उबदार आहे—

पुढची छोटी काच फोडली. हात जातो, माणूस जात नाही. तिचा हात धरला. ओढतोय— ती निघत नाही— दुसऱ्या हाताने टेप आत टाकला, त्याच हाताने हे लिहितोय—

साठ.

लॉरेटा म्हणते, पाय जरा दुमडावे लागतात. अजून हसते आहे—

एकोणसाठ. अठ्ठाव