'के' म्हणजे येतो की नाही

शनिवार, १० जानेवारी

प्रेमानंद आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपमधून बाहेर पडला. दुजोरा विश्वनाथने दिला — ग्रुपचा ॲडमिन तोच. कारण त्यालाही माहीत नाही. फोन केला तर उचलत नाही म्हणाला.

परवा तर प्रेमानंदनेच ग्रुपवर निमंत्रण टाकलं होतं. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो, क्वार्टर सोडतोय, मनीषनगरला फ्लॅट घेतलाय. रविवारी, अठरा तारखेला गृहप्रवेश. सगळ्यांनी जेवायला या, येणार असाल तर कळवा. परिच्छेद पाडून लिहिलेलं. आमच्या वार्ताहरांकडून इतकी स्वच्छ कॉपी क्वचित येते. खाली उत्तरं — 'के' (ओकेचंही अर्धंच), अंगठा, 'के', 'डन भौ', अंगठा, अंगठा. पूर्ण वाक्य लिहिलं ते फक्त मी आणि नीलाने. नीला शाळेत भूगोल शिकवते, तिला सवय आहे. मलाही सवयच. वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलं. पूर्णविराम दिल्याशिवाय बोट उचलत नाही.

रविवार, ११ जानेवारी

कोराडीला जाऊन आलो. अर्धं घर खोक्यांत. प्रेमानंद बनियनवर बसून भांड्यांना कागद गुंडाळत होता. वहिनी गेल्यापासून हे सगळं एकटाच करतो. चहा केला, साखर विसरला.

मी विचारलं, ग्रुप का सोडलास? तर शांतपणे म्हणाला, कोणी येऊन नाही राहिलं तर ग्रुपवर बसून काय करू? आचारी महादेवरावांना त्याने सांगूनही टाकलं होतं — घरची माणसं, मी आणि नीला, एवढ्यांचंच जेवण.

मी चाट! अरे, सगळ्यांनी 'के' म्हटलंय.

"'के' म्हणजे काय गा? आमच्या कंट्रोल रूममधे फोनवर ऑर्डर दिली, तर समोरच्याले ती पूर्ण परत बोलून दाखवा लागते. कोणता ब्रेकर, काय करायचं, सगळं. नुसतं 'ओके' म्हटलं, तर ऑर्डर पोचलीच नाही असं धरतो आम्ही. चुकीचा ब्रेकर पडला तर माणूस मरते."

पण हे जेवण आहे, म्हटलं. ब्रेकर नाही.

"माह्यासाठी मोठीच गोष्ट आहे," म्हणाला, आणि भांडी गुंडाळायला लागला.

सगळी नोकरी त्या खोलीत काढलेला माणूस. त्याला 'के' दिसला की कान बंद केलेला माणूस दिसतो. येताना बसमध्ये मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

सोमवार, १२ जानेवारी

ऑफिसात अदितीला सांगितलं. पुरवणीचं पान ती बघते, वय चोविसच्या आसपास. तिच्या पिढीत 'के' म्हणजे राग, 'केके' म्हणजे लाडात हो. मग म्हणाली, "सर, रागावू नका, पण तुम्ही 'ठीक आहे' लिहून पुढे टिंब देता ना, तेव्हा आम्हाला वाटतं नोकरी गेली." डेस्कवरचे सगळे माना डोलवत होते. इतकी वर्षं मी पूर्णविरामाने लोकांना घाबरवतोय आणि मला पत्ताच नाही!

तिने याच विषयावर गुरुवारपर्यंत लेख मागितला. दिला शब्द.

मंगळवार, १३ जानेवारी

महादेवरावांना फोन केला. भाजीबाजार शुक्रवारी पहाटे, म्हणून माणसं किती ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत सांगा, नंतर चार पानंही वाढणार नाहीत, म्हणाले. डेडलाइन मला कळते.

ग्रुपवर सगळा प्रकार लिहिला आणि विनंती केली: प्रत्येकाने प्रेमानंदला थेट, पूर्ण वाक्यात कळवा. कोण, कधी, कुठे येणार.

विश्वनाथचा लगेच फोन. "आता काय शपथपत्र देऊ काय गा? 'के' म्हटलं म्हणजे हो म्हटलं. घरी बायकोलेही मी तेवढंच म्हणतो."

ती काय म्हणते, विचारलं. तर म्हणे ती पण बोलत नाही हल्ली.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. ग्रुपवर सकाळपासून 'टीजीजीबी'. तिळगूळ घ्या, गोड बोला! चार अक्षरांत सण उरकला. माझ्या विनंतीखाली पाच अंगठे.

बायको, प्रेमिला, म्हणाली, तू लेख लिही, लोक सुधारायला जाऊ नको. बायकोचं बरोबर असतं तेव्हा लाडू जास्त कडक लागतो.

गुरुवार, १५ जानेवारी

दुपारी लेख दिला. चारपर्यंत प्रेमानंदकडून काही नाही. पाचला त्याने विश्वनाथचा निरोप मला पाठवला:

"मी, विश्वनाथ, तुह्या मनीषनगरच्या नव्या घरी रविवारी दुपारी जेवायले येणार आहो. बायकोसोबत येणार आहो. वांग्याची भाजी दोनदा घेणार आहो. परत बोलून दाखवलं, आता बरोबर आहे का सांग."

मग रांगच लागली. यमुताईने तर फ्लॅटचा मजला कोणता तेही लिहून खात्री करून घेतली. गणपतरावला मराठी टाइप येत नाही, त्याने नातीकडून लिहवून घेतलं. सहाला प्रेमानंद महादेवरावांशी बोलला. आकडा ऐकून आचारी म्हणाले, मग दोन माणसं जास्तीची लागतील.

प्रेमानंद पुन्हा ग्रुपमध्ये आलाय. आल्याबरोबर ज्याचं त्याचं वाक्य त्याला परत पाठवून 'बरोबर' लिहून राहिलाय. भाषा लागते ती अशासाठी.

शुक्रवार, १६ जानेवारी

सकाळी प्रेमानंदचा फोन. आवाज बारीक. रविवारी बौद्ध विहारातले भन्तेजी फक्त गृहप्रवेशासाठी येत नाहीयेत. तो आणि नीला लग्न करतायत. "एवढी गोष्ट रिकाम्या घरात कशी करू, सांग. माणसं येऊन राहिली हे पक्कं झालं, म्हणून आता तुले सांगून राहिलो."

नीलाला फोन केला. तिनेही दुजोरा दिला. आणि हसली.

ग्रुपला अजून माहीत नाही. रविवारी अकराच्या सुमारास, दारातच कळेल असा अंदाज आहे.