सगळ्यांचा हात वर

लीड्स, ११ मार्च १९८१

सौ. नोरीनताईस, सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोहोचले. सध्या दोन्ही जोड एकावर एक घालतो, कारण ज्या चर्चच्या तळघरात तालीम करतो तिथे भिंतींना घाम फुटतो.

आमचा ड्रमवाला गेला. चार वर्षांतला हा पाचवा. होणाऱ्या सासऱ्याचं गालिच्यांचं दुकान आहे, तिथे बसणार म्हणाला. गिटारवाला ग्रॅहम ख्रिसमसलाच गेला होता. म्हणजे बँड काढणाऱ्या चौघांपैकी आता बास गिटार वाजवणारा मीच उरलो. दोघे नवे घेतलेत, आणि गाणाऱ्या लॉर्नालाही अजून वर्ष झालेलं नाही. रोज त्यांना जुनी गाणी शिकवतो. शिकून तयार झाले की जातात. वैताग आलाय नुसता.

मालक कोण, असं तू विचारलंस. ताई, आमच्यात मालक नसतो. पहिल्याच दिवशी मी भिंतीवर खडूनं नियम लिहिला होता: जो येईल त्याला त्या दिवसापासून पूर्ण मत, आणि सगळ्यांचा हात वर झाल्याशिवाय काही ठरणार नाही. परवा व्हॅनमधला हीटर लावायचा की नाही, यावर ब्रॅडफर्ड येईपर्यंत काथ्याकूट झाला. गारठलो सगळेच.

फाटकाच्या उरलेल्या हिरव्या रंगानं तू ड्रमवर लिहिलेलं बँडचं नाव, 'डॅम्प लॉजर्स', मात्र अजून शाबूत आहे.

भावोजींना नमस्कार, आईला काही सांगू नये.

तुझा डेस्मंड

ग्रिम्सबी, १८ मार्च

चि. डेस्मंड यास अनेक आशीर्वाद.

हसू की रडू, कळेना. आमच्या मासळीच्या कारखान्यात नवी बाई आली तर महिनाभर तिच्या हाती सुरीसुद्धा देत नाहीत. तू कालच्या माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या देतोस. बसल्या फांदीवर कुऱ्हाड मारणारा शहाणा आमच्याच घरात निपजावा, काय म्हणावं!

आई म्हणते, गोदीत जागा आहे, त्याला बोलाव. मी म्हटलं, तो यायचा नाही. पण खरं सांगते, हा बँड हातचा गेला तर तुझ्याजवळ काय उरेल, याची मला धास्ती वाटते. तो नियम तूच लिहिलास ना? मग तूच पूस.

जेवत जा. चिप्स म्हणजे जेवण नव्हे.

तुझी नोरीनताई

लीड्स, २ जून

सौ. ताईस, सा. न.

नियम पुसायचा प्रस्ताव मांडला, पण पुसायलाही सगळ्यांचे हात लागतात. लॉर्नाचा वर झाला नाही. मग तिनंच दुसरा प्रस्ताव मांडला, की मी जावं. म्हणे, सगळं चार वर्षांपूर्वीसारखंच वाजलं पाहिजे असा माझा हट्ट असतो, नव्यांना मी श्वास घेऊ देत नाही. तिघांचे हात वर, माझा खाली.

तीन आठवडे असेच गेले. दोन कार्यक्रम बुडाले. कोणी कोणाशी बोलेना, व्हॅन जागची हलेना. शेवटी लॉर्ना शांतपणे म्हणाली, "नियम तुझा आहे, डेस. पाळायचा की मोडायचा, तूच सांग."

अडून बसलो असतो तर बँडच मोडला असता. काल मी हात वर केला. राग तिचा येत नाही, माझाच येतो. ड्रम तिथेच आहे, आणि नावही.

बिस्किटांच्या गोदामात काम मिळालंय. घरी येत नाही, कुठल्या तोंडानं येऊ?

डेस्मंड

ग्रिम्सबी, ९ जून

चि. डेस्मंड, आशीर्वाद.

मी म्हटलंच होतं, असं लिहायला बसले होते. ते खोडलं. आईला सांगितलं नाही, पण तिनं ओळखलं. तुझी खोली झाडून ठेवली आहे. तोंड आहे तसंच घेऊन ये.

ताई

लीड्स, १४ नोव्हेंबर

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

गुरुवारच्या साप्ताहिकात जाहिरात होती: डॅम्प लॉजर्सना बास वाजवणारा हवा, जुनी गाणी येणारा असावा. लॉर्ना सप्टेंबरातच गेली, बाकीचे दोघेही. मी फोन केला.

पलीकडे कोणी नवीच मुलगी होती. माझं नाव सांगितलं, तिला काहीच बोध झाला नाही. तिनं विचारलं, "आमची गाणी कधी ऐकलीत का?"

मी म्हटलं, "ऐकलीत थोडीफार."

मग तिनं बजावलं, की सगळ्यांचा हात वर झाला तरच घेतील. त्यांचा तसा जुना नियम आहे. कोणी केला, ते तिला ठाऊक नाही.

ताई, फोन आपटावासा वाटला. तरी विचारलं, किती वाजता येऊ. मंगळवारी बोलावलंय. जमल्यास त्या सकाळी आशीर्वाद जरा जास्त पाठव.

तुझा डेस्मंड