कव्हरचा कौल

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

कापडे गावचे दत्तारामबुवा आज महाडात माझ्या दुकानावर आले. त्यांचं भजनी मंडळ शिमग्याच्या आधी गावच्या काळकाई देवीच्या गाण्यांचा अल्बम काढतंय. दहा गाणी. कव्हर मी करायचं. म्हणाले, "आर्टिस्ट, तुमच्याशिवाय हाय कोण?" हे खरंच आहे. सत्त्याण्णवपासून बारा वर्षांत एकशे सदुसष्ट कॅसेटची कव्हरं केली. ढगातून देव, मागे किरणं, खाली कोपऱ्यात कानावर हात ठेवलेले बुवा. ही पद्धत माझी. बाकीच्यांनी नंतर उचलली. गेली सोळा वर्षं काम नव्हतं असं नाही. त्या दर्जाचं नव्हतं.

उद्यापासून वाढदिवसाचे बॅनर बंद. पहाटे पाचला जप, मग चित्र. मंगळवारी उपास.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साडेसातला उठलो. उपासाच्या दिवशी शरीराला विश्रांती लागते. एक बॅनर केला. माणूस ओळखीचा निघाला. उद्यापासून बंद.

८ फेब्रुवारी, शनिवार

चित्र सुचावं म्हणून सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात आंघोळीला गेलो. मन फार शांत झालं. काठावर टेकल्या टेकल्या झोप लागली. वाटलं होतं देवी स्वप्नात येईल. स्वप्नात लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक आलं, प्रूफ मागत होतं. घरी आलो तर तेच गिऱ्हाईक ओट्यावर बसलेलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चित्राला हात घातला. दोन फूट बाय दोन फूट, रंगात, ब्रशने. बॅनर कॉम्प्युटरवर ठीक आहे. देव मी कॉम्प्युटरवर काढत नाही. आज फक्त देवीचा उजवा हात झाला, आशीर्वादाचा. पण हात असा उतरला की मीच नमस्कार केला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चित्र पूर्ण. अनुपमाला दाखवलं. तिने जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. मग म्हणाली, "चेहरा तुमच्या आत्यावर गेलाय. जेवायला वाढू का?" बायकोकडून यापेक्षा जास्त दाद कोणत्या कलावंताला मिळाली असेल?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बुवांनी चित्र बघून चष्मा पुसला. भारावले असावेत. मग म्हणाले, "झ्याक हाय. पण आता कॅसेट नाय, शीडी नाय. मोबाईलवर एवढंच दिसतं," आणि अंगठ्याचं नख दाखवलं. फोटो काढून तेवढा केला. त्यात देवी कुठली आणि बुवा कुठले ते कळेना. मी म्हटलं, मोबाईल जुना आहे. ते म्हणाले, गणपतीत घेतलाय.

त्यांचा भाचा मंगेश नालासोपाऱ्याला असतो. त्यानेही एक चित्र पाठवलंय. मोबाईलला नुसतं सांगितलं, देवी काढ. दोन मिनिटांत काढली म्हणे. मंडळात दोन तट पडलेत. अर्धे माझ्याकडे, असं मी समजतो. बुवांनी आकडा सांगितला नाही.

तेव्हा मीच तोडगा काढला. देवीचा अल्बम आहे, देवीलाच विचारा. कौल लावा. बुवांना एकदम पटलं. काळकाईची सेवा मी तीस वर्षं करतोय. मंगेशला देवळात जाताना पायातलं बाहेर काढायचं तरी माहीत असेल का?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कापड्याला गेलो. उपास कडकडीत. सकाळी एक वडापाव खाल्ला तो एसटी लागू नये म्हणून.

हैबती गुरवांनी देवीच्या पाषाणाला पाण्याने दोन फुलं चिकटवली. गाऱ्हाणं घातलं: आर्टिस्टचं चित्र पसंत असेल तर उजवं दे, मंगेशचं असेल तर डावं दे. सगळे हात जोडून उभे. मी डोळे मिटले. इतका निर्धास्त मी कित्येक वर्षांत नव्हतो.

डावं पडलं.

मी नम्रपणे विचारलं, उजवं म्हणजे देवीचं की आपलं? हैबती म्हणाले, "पन्नाशी आली तुझी. आजवर तुझ्या बाजूनं कौल पडत व्हता तवा नाय इचारलंस ते?" सगळे हसले. पुन्हा लावता येईल का म्हटलं, तर म्हणाले, "देवी काय रेशनची खिडकी हाय? परत परत उभं ऱ्हायचं?"

माणसांचा निर्णय असता तर भांडलो असतो. प्रसाद घेतला आणि परत आलो. अनुपमाने मला बघताच चहा ठेवला. म्हणजे तिला आधीच कळलं होतं.

१ मार्च, शनिवार

बुवांनी मंगेशचं चित्र पाठवलं. देवळासमोर लावायला बॅनर छापून हवाय. दहा बाय आठ. बॅनर बंद आहेत, पण हा देवीचा.

चित्र मोठं केलं. काहीतरी खटकत होतं. मोजलं. पुन्हा मोजलं. देवीच्या उजव्या हाताला सहा बोटं. कुणालाच दिसलं नाही. जेवताना दोनदा हसू आलं. अनुपमा म्हणाली, "बरं नाही का?" ठरवलं, एक अक्षर बोलायचं नाही. लागू दे बॅनर. कळू दे गावाला.

२ मार्च, रविवार

जपाला बसलो. माळेचा एक मणी सरकला की एक बोट दिसायचं. गाव हसेल ते मंगेशला नाही, देवीला.

सांगावं तर म्हणतील, हरला म्हणून खोडी काढतोय. शिवाय कौल झालेला. देवीने पसंत केलेल्या चित्रात चूक काढणारा मी कोण? आणि ती सहा बोटं छापणारा तरी मी कोण?

शेवटी माझ्या चित्रातला उजवा हात स्कॅन केला आणि मंगेशच्या देवीला बसवला. रंग जुळवायला दुपार गेली. हात आधीपासून तिथेच होता असं वाटतंय. बुवांना पाठवताना लिहिलं, थोडी साफसफाई केली आहे, मोबाईलवरही हेच वापरा.

ते स्वतःच मोठं करून बघतील आणि ओळखतील. ब्रशचा हात लपत नाही.

११ मार्च, मंगळवार

अल्बम परवा आला. आज बुवांचा फोन. फार खूश होते. लोक गाण्यांबद्दल कमी आणि कव्हरबद्दल जास्त लिहितायत म्हणाले. त्यातही देवीचा हात. मुंबईची माणसं विचारतायत, हात कुणी काढला?

मी म्हटलं, मग काय सांगितलंत?

"काय म्हंजे? मंगेशनं! अहो, आशीर्वाद कसा सुटतोय बघा त्या हातातून. राग मानू नका आर्टिस्ट, असा हात तुमच्याकडून झाला असता काय?"

समोर देवीचा फोटो होता. मी म्हटलं, नसता झाला.

बुवांना माझा मोठेपणा फार आवडला. त्यांनी मंगेशचा नंबर दिला. म्हणाले, "गुणी पोर हाय, शिकवील तुम्हाला. वय काय तुमचं फार झालेलं नाय."

नंबर लिहून घेतला.