ऑपरेशनचं माहेरपण

जबलपूर, बायकांचा वॉर्ड
बुधवार, ८ डिसेंबर १९७१

ती. सौ. मीरावहिनींना विनताचा पलंगावरूनच नमस्कार. वाकायची मनाई आहे, तेव्हा वाकून केला असं समजून घ्या.

दादा परवा येऊन गेला, त्यानं सांगितलंच असेल की मी मजेत आहे. बसला थोडाच वेळ, त्यातलाही बराचसा घड्याळाकडे पाहण्यात गेला. त्याचा तरी काय दोष? लढाई लागल्यापासून त्याच्या सिहोरा स्टेशनावरून फौजेच्या गाड्या सारख्या धावताहेत. असिस्टंट स्टेशनमास्तरला बहिणीसाठी रजा कोण देणार? ‘पिशवी काढली’ हे शब्द काही त्याच्या तोंडून निघेनात. “ते पोटाचं झालं ना नीट?” म्हणाला आणि संत्री ठेवून गेला. संत्री गोड होती.

मला इथं बरं आहे. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेत, जेवण अळणी आहे, फिनेलच्या वासानं डोकं उठतं. तरीही बरं आहे. दारूगोळ्याच्या कारखान्याचा भोंगा मात्र इथवर ऐकू येतो. ऑपरेशननंतर भूल पुरती उतरली नव्हती, तेवढ्यात तो वाजला आणि मी उठायलाच लागले. नर्सनं खांदे दाबून धरले. “अरे दीदी, कहाँ चलीं?” तर मी म्हणे म्हटलं, “कणीक भिजवायची राहिली.” सगळा वॉर्ड हसला. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. मीही हसले, पण टाके ओढले गेले म्हणून आवरतं घेतलं.

तुम्ही आमच्याकडे आलात त्याला बरीच वर्षं झाली, म्हणून सांगते. आता अधारतालच्या घरात तीन पाळ्या आहेत. हे सकाळच्या पाळीला जातात, विनयभावजी दुपारच्या. मामंजी रिटायर झाले होते, त्यांना लढाईसाठी पुन्हा बोलावलं, ते रात्रपाळीला. एक जण जेवून उठतो तोवर दुसऱ्याचा डबा, तो दारातून जातो तोवर तिसऱ्याचा चहा. चूल एक आणि चुलीपुढची मीही एक. ओव्हरटाइम मिळतो, पण तो कारखान्यात. एकदा सकाळच्या पोळ्या भावजींना वाढल्या, तर सासूबाई म्हणाल्या, “देशासाठी लेकरं राबून राहिले आणि तू त्यांना शिळं वाढतेस?” देशाचं नाव काढल्यावर काय बोलणार? गणपतीपासून रक्त जात होतं, तेही मी बोलले नाही. शेवटी चुलीपाशीच घेरी येऊन पडले, तेव्हा सगळ्यांना दिसलं.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. काल टाके पाहून म्हणाल्या, “सब सूख गया है. अब घर जाओ, आराम करो.” घर जाओ आणि आराम करो, हे दोन्ही त्या एका दमात कसं म्हणाल्या, याचं मला नवल वाटलं. मी म्हटलं, “बाई, अजून दुखतं.” त्यांनी पोट चाचपलं. मी चांगली कळवळले.

वहिनी, दुखत नव्हतं.

आज सासूबाई आल्या होत्या. मनीषा आणि बेबी त्यांच्याजवळ आहेत, पोरींचं त्या प्रेमानं करतात, खोटं कशाला बोलू? नातवाचा विषय अजून काढलेला नाही, ही त्यांची कृपा. पण त्या विचारत होत्या, “काहून गं, अजून किती दिवस पडून राहणार? माझे हात भरून येऊन राहिले.” मी धीर करून म्हटलं, थोडे दिवस माहेरी जाऊन येऊ का? त्या हसल्या. “बाळंतपणाला माहेर असते बाई. ऑपरेशनला कुठचं माहेर? अन् त्यांनी बोलावलं तर पाहिजे. बोलावण्याशिवाय आपल्या घरात कोणी जात नाही.”

रागानं नाही म्हणाल्या, रीत सांगितली. आणि रीत खरीच आहे. दोन्ही बाळंतपणांत आईनं मला सव्वा महिना उठू दिलं नाही. आता बाळंतपणच उरलं नाही. टाके घातले तेव्हा माहेरची वाटही शिवून टाकली की काय, असं वाटतं.

शेजारच्या पलंगावर सिव्हिल लाइन्सची शकु नावाची मुलगी आहे. तिची आई रोज येऊन तिची वेणी घालते. मी भिंतीकडे तोंड करून पडते. मला हेवा वाटतो, वहिनी. चाळिशीला आलेली बाई मी, लाज वाटते, पण वाटतो.

तुम्हाला कुठल्या तोंडानं म्हणू? आईचं अंथरुणातलं सगळं तुम्ही केलंत, इतकी वर्षं. तिच्यामागे तुम्ही जरा पाठ टेकली असेल, आणि आता मी दुसरं अंथरूण घेऊन दारात यायचं. म्हणून एक युक्ती सुचली होती. तुम्ही सासूबाईंना लिहायचं की माझी तब्येत बरी नाही, हाताशी कोणी नाही, विनताला पाठवा. कामाला म्हटलं की त्या नाही म्हणत नाहीत. टाक्यांसकट बसमध्ये बसवून देतील.

पण तसं नका लिहू. आजवर कुणीही मला बोलावलं ते कशाला ना कशाला बोलावलं. एकदा तरी मी दमले म्हणून बोलवा. सासूबाईंच्या नावे दोन ओळी पुरेत. ‘आमची विनता दमली आहे. तिला आमच्याकडे निजायला पाठवा.’ निजायला, असंच लिहा. सोमवारी बाई पुन्हा तपासणार आहेत. तोवर मी दुखतं म्हणत राहीन.

आणि ‘आमची’ लिहायला मन घेत नसेल, तर उगीच भिडेखातर काही लिहू नका. मी रागावणार नाही. दादालाही यातलं काही कळायला नको. सोमवारी बाईंना सांगेन की आता मुळीच दुखत नाही, आणि पदर खोचून घरी जाईन.

मुलांना आशीर्वाद.

तुम्ही म्हणाल तर तुमची,
विनता