दोन्ही डिस्कवर कुंकू

दसरा, संध्याकाळ. शहागंज, फोटोच्या दुकानातच.

हे मी केलं? मीच?

गिऱ्हाइकांचे स्कॅन केलेले सगळे जुने फोटो एकाच जुन्या हार्ड डिस्कवर होते. आज तिला कोरी डिस्क जोडून सॉफ्टवेअर रेड लावायचं होतं, म्हणजे दोन्हींवर तेच फोटो, एक बिघडली तरी दुसरीवर सगळं शाबूत. दोन्ही दिसायला सारख्या. पण जुनीवर गेल्या दसऱ्याचं कुंकू होतं, तीच माझी खूण. चिठ्ठी लावायला काय झालं होतं मला?

सकाळी आईनं दुकानात पूजा केली. दोन्ही डिस्क पुसून दोन्हींना कुंकू लावलं. मी दुपारी आलो तेव्हा एक पालथी होती. दुसरीवरचं कुंकू बघून तीच जुनी समजलो आणि कॉपी सुरू केली. पालथी होती तीच जुनी निघाली, कोरी डिस्क तिच्यावर उतरली. सगळं साफ.

"नवीला बिनकुंकवाची कशी ठेवू रे?" आई म्हणाली.

गल्लीतल्या रमामावशींच्या गेलेल्या नवऱ्याचा, विद्यापीठ नामांतराच्या मोर्चातला एकुलता एक फोटो त्यात होता. कागदाला वाळवी लागली तेव्हा मीच म्हणालो होतो, "टाकून द्या मावशी, माझ्याकडं आहे."

मघाशी त्या धम्मचक्र दिनाची पांढरी साडी नेसून आल्या. हातात नवी फ्रेम.

"आज लावायचाच बघ."

"लाईट नाय मावशी," मी म्हणालो.

डोक्यावर पंखा फिरत होता.