नऊच्या आत

३ सप्टेंबर
सामान लावून झालं. माझा नवरा ओरेस्ट गेल्यावर शेतावरच्या घरात दोन वर्षं एकटीनं काढली. इथं बैठ्या इमारतीत आठ बिऱ्हाडं आहेत, सगळी म्हातारी. भिंतीपलीकडे माणूस आहे म्हटल्यावर बरं वाटतं. ते माणूस म्हणजे व्हर्ना, वय ८१, हातात काठी. बटाट्याच्या पिरोही, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, घेऊन आली, वर कांदा परतून घातलेला. तिनंच इथली रीत सांगितली. सकाळी नऊच्या आत दाराच्या मुठीला हिरवं कार्ड अडकवायचं, म्हणजे आपण धड आहोत. आठवडाभर एकेकाची पाळी. पाळीवाल्यानं कार्डं बघून यादीवर सही करायची, कार्ड नसेल तिथं दार ठोकायचं, उत्तर नाही आलं तर किल्लीसाठी इमारतीची देखभाल करणाऱ्या आल्विनला फोन करायचा. मरायचंच असेल तर नऊच्या आत मर, म्हणाली, नंतर आमची कॉफी असते. पुष्कळ दिवसांनी हसले.

१२ सप्टेंबर
कार्ड विसरेन या धास्तीनं पाचलाच जाग येते. कॉफीला गेले तर सगळ्या हसत होत्या, मला बघून गप्प झाल्या. ग्लॅडिस म्हणाली, अगं बस, माझ्या नव्या कवळीची चेष्टा चाललीय. मीही हसले. पण खरं वाटलं नाही.

२० सप्टेंबर
लिहायची लाज वाटते, पण लिहिते. चार दिवस भिंतीतून ठोकल्याचा आवाज येत होता. आज कॉफीच्या टेबलाशी, सगळ्यांसमोर, व्हर्नाला म्हणाले की तू मुद्दाम मला छळतेस. ती म्हणाली, अगं स्टेफा, मला काठीशिवाय उभं राहता येत नाही, भिंत कशी ठोकू, डोक्यानं? सगळे हसले. ती मात्र हसली नाही. आल्विननं येऊन पाइप तपासले. काही नव्हतं. माझ्यासमोर तो आणि व्हर्ना भिंतीला कान लावून उभी राहिली, आणि आवाज तेव्हाही मला येत होता.

२४ सप्टेंबर
शहरात डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, काळजी फार वाढली, झोप उडाली, की काहींना माणसांचा संशय येऊ लागतो, नसलेले आवाजही ऐकू येतात. यात तुमचा दोष नाही. गोळ्या दिल्या. म्हणाले, आवाज आला की शेजारी कुणाला तरी विचारा, तुम्हालाही येतोय का. वाचनालयातून पुस्तक आणलं, त्यातही हेच आहे. पण आता कुठल्या तोंडानं विचारू?

२ ऑक्टोबर
पाच दिवस शांत. व्हर्नाची माफी मागितली. म्हणाली, सोड गं, पुढच्या आठवड्यात तुझी पाळी आहे, ती घे, तू भरवशाची आहेस हे लोकांना कामातून दिसू दे.

७ ऑक्टोबर
सव्वानऊ. व्हर्नाच्या मुठीला कार्ड नाही.
दारासमोर उभी राहिले. वाटलं, परीक्षा घेतायत. मी ठोकलं की आतून सगळ्या हसतील. हात उचलेना. यादीत सगळे ठीक असं लिहिलं. कॉफीला ग्लॅडिसनं विचारलं तर म्हणाले, बहिणीकडे गेली.
का म्हणाले?

८ ऑक्टोबर
आजही कार्ड नाही. आवाज परत सुरू. तीन ठोके, मग थांबतो, मग तीन. गोळी घेतली. नसलेला आवाज आहे. विचारायचं कुणाला — पुन्हा सगळे गोळा होणार, पुन्हा ते बघणं —

९ ऑक्टोबर
आता माझं नाव. स्टेफा, स्टेफा. व्हर्नाच्याच आवाजात. पुस्तकात लिहिलंय की नाव घेतल्यासारखं वाटतं. ग्लॅडिसनं विचारलं, कधी येणार ती. रविवारी, म्हणाले.

दुपार. आवाज बंद. गोळी लागू पडली. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं मला —

१० ऑक्टोबर
तिच्या दाराला कान लावला. भिंतीतून यायचा थांबलेला आवाज इथं ऐकू आला. काहीतरी जमिनीवर घासतंय. हळू. फार हळू.
ठोकलं. हाक मारली. उत्तर नाही, फक्त घासणं.
तेही माझ्याच डोक्यात असेल तर —
नसेल तर चार दिवस. पाण्याशिवाय. माझ्या सहीखाली.
आल्विनला फोन लावलाय. रिसीव्हर कानाला आहे. आत ती विणत बसलेली निघाली तर मला इथं तोंड दाखवता येणार नाही. नाही निघाली तर — यातलं काय व्हावं म्हणून मी प्रार्थना करतेय, तेही मला कळत नाही. देवा, मला —
त्यानं उचलला. कोण बोलतंय, विचारतोय. दुसऱ्यांदा विचारतोय. मी स्टेफा, आल्विन, किल्ली घेऊन —